सामुदायिक रेडिओवर पहिला कार्यक्रम : ‘अलबेला’पासून लिटल रॉकपर्यंत अठ्ठावीस मिनिटं

सामुदायिक रेडिओवर अर्ध्या तासाचा स्लॉट मिळाला, की हातात येतात ती अठ्ठावीस मिनिटं. उरलेली दोन केंद्राची ओळख, पुढच्या कार्यक्रमाची घोषणा आणि एखाददुसरी जाहिरात खाऊन टाकतात. एवढ्या वेळात अमेरिकेतल्या वर्णद्वेषाबद्दल गाण्यांतून बोलायचं, तेही गोव्यात, मराठीत आणि पहिल्यांदाच मायक्रोफोनसमोर बसून. आमच्यापैकी कोणी लिहितं, कोणी आवाजाचं बघतं, कोणी बोलतं. या कामात काय लागतं, काय बिघडतं आणि का, ते इथं सांगतो आहोत.

आधी परवान्याची चौकट. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली दिला. २००२ च्या धोरणानं शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना स्वतःचं केंद्र काढायची मुभा मिळाली. प्रक्षेपणाची ताकद १०० वॉटपर्यंत आणि अँटेनाची उंची ३० मीटरपर्यंत असावी लागते. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हायला हवेत. विषय ठरवताना सगळ्यात महत्त्वाचा नियम वेगळाच आहे : केंद्राला स्वतः बातम्या करून देता येत नाहीत. त्यामुळे ‘गेल्या आठवड्यात अमुक ठिकाणी अमुक घडलं’ या वाक्यानं सुरू होणारी संहिता व्यवस्थापक परत पाठवणार, आणि तसं करणं बरोबरच आहे. १९३९ सालचं ध्वनिमुद्रण, त्यामागची घटना, ते कुणी छापायला नकार दिला, हे सगळं मात्र इतिहासात मोडतं. गाण्यांचा मार्ग धरायचं एक कारण हेही आहे.

चौकटीच्या आत राहूनही गोव्यात एक अडचण येते. २०१३ च्या ऑक्टोबरअखेरीस पर्रा इथं एका नायजेरियन नागरिकाचा खून झाला आणि त्यानंतर पर्वरीला राष्ट्रीय महामार्ग अडवला गेला. ‘आफ्रिकन’ हा शब्द हवेत गेला, की उत्तर गोव्यातला बराचसा श्रोतृवर्ग थेट त्या आठवणीवर जाऊन बसतो. मग तुम्ही काहीही सांगा, तो मनातल्या मनात तुमच्याशी वाद घालत असतो. म्हणून पहिल्या भागात त्या घटनेला हात लावायचा नाही, आणि सुरुवातही अमेरिकेपासून करायची नाही, असं आमचं मत आहे. सुरुवात घरातून करावी.

घरातली वाट सोपी आहे. सी. रामचंद्र मराठी घरात कुणाला सांगावे लागत नाहीत. १९५१ चा भगवानदादांचा ‘अलबेला’ही नाही. त्यातल्या ‘दीवाना ये परवाना’मध्ये जो वाद्यवृंद दिसतो, तो गोव्यातल्या हळदोण्याच्या आंतोनियो शाव्हियेर वाझ यांचा. संगीताच्या दुनियेत त्यांचं नाव चिक चॉकलेट. ते ट्रम्पेट वाजवायचे, रामचंद्रांचे सहायक होते, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादकावरून त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली मुलं मुंबईला गेली, तेव्हा तिथं ताजमहाल हॉटेलात आफ्रिकन-अमेरिकन वादक वाजवत होते. १९३५ साली लिऑन ॲबीचा वाद्यवृंद तिथं आला. पुढं पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. ते भारतातच राहिले आणि १९४५ साली कोलकात्यात पटकीनं वारले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड याच मुंबईत जॅझ वाजवत होते. त्यांनीच पुढं १९६३ साली ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढला. एवढं सांगेपर्यंत श्रोत्याच्या लक्षात आलेलं असतं, की आपण दुसऱ्या कुणाच्या घरचं भांडण ऐकत नाही. आपल्या गावच्या माणसांनी ज्यांच्याकडून सूर घेतले, त्यांचं पुढं काय झालं ते ऐकतो आहोत.

म्हणून ‘अलबेला’चा मिनिटभराचा तुकडा आधी, मग चिक चॉकलेट, मग आर्मस्ट्राँग. आर्मस्ट्राँग १९६४ साली भारतात येऊन गेले, तेवढा एक ओझरता उल्लेख पुरतो. वाजवायचं ते १९२९ सालचं ‘ब्लॅक अँड ब्लू’. हे गाणं एका रंगमंचीय कार्यक्रमासाठी लिहिलेलं. तिथं एक काळी स्त्री, पुरुषांना उजळ रंगाच्या बायका आवडतात म्हणून रडगाणं गाते. आर्मस्ट्राँगनी सुरुवातीचं ते कडवं गाळलं आणि राहिलेलं गाणं सगळ्या काळ्या माणसांचं झालं. एक कडवं काढलं की गाण्याचा अर्थ कसा फिरतो, ते रेडिओवर दोन वाक्यांत सांगता येतं आणि लगेच ऐकवताही येतं. अशी उदाहरणं शोधत राहावं. ज्या गाण्यासाठी पाच मिनिटं प्रस्तावना लागते, ते गाणं कितीही थोर असलं तरी पहिल्या कार्यक्रमाला नको.

तिथून लिटल रॉक. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कन्सा राज्याचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यानं नऊ काळ्या विद्यार्थ्यांना सेंट्रल हायस्कूलमध्ये शिरू द्यायचं नाही म्हणून नॅशनल गार्डचे सैनिक उभे केले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१ वी एअरबोर्न तुकडी पाठवावी लागली. त्याआधी, सरकार काही करत नाही हे बघून, आर्मस्ट्राँगनी सरकारतर्फे ठरलेला सोव्हिएत दौरा सोडून दिला. सगळ्या जगाला हसतमुख चेहऱ्यानं माहीत असलेला माणूस तो. जॅझवादक चार्ल्स मिंगसनी फॉबसवर ‘फेबल्स ऑफ फॉबस’ ही रचना केली. १९५९ सालच्या कोलंबिया कंपनीच्या तबकडीवर ती बोलांशिवाय आहे. बोलांसकट ती १९६० साली कँडिड या छोट्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली. आधी बिनबोलांची दोन मिनिटं आणि लगेच बोलांची पाऊण मिनिट लावली, की श्रोत्याला फरक सांगत बसावं लागत नाही. बिनबोलांची आधीच लावायची. उलट केलं, तर दुसरा तुकडा पहिल्याची पडछाया वाटतो.

कार्यक्रमाचं मर्म मात्र ‘स्ट्रेंज फ्रूट’. ते पूर्ण वाजवायचं, आणि त्याची तयारी बाकी सगळ्यापेक्षा जास्त करायची.

झाडाला लटकावून मारलेल्या माणसांवरचं हे गाणं एबल मीरोपोल या न्यूयॉर्कमधल्या ज्यू शिक्षकानं लिहिलं. कविता म्हणून ते १९३७ साली शिक्षक संघटनेच्या मासिकात छापून आलं होतं. त्याच्या मनात होतं ते थॉमस शिप आणि एब्रम स्मिथ या दोन तरुणांचं छायाचित्र. त्यांना ७ ऑगस्ट १९३० रोजी जमावानं मॅरियन गावात मारलं. मॅरियन हे इंडियाना राज्यात, म्हणजे उत्तरेकडे आहे. गाण्याच्या बोलांत दक्षिणेचं नाव येतं म्हणून निवेदक हमखास ‘दक्षिणेतल्या एका गावात’ असं बोलून जातात. संहिता तपासताना हे वाक्य शोधून काढावं. जॅझ गायिका बिली हॉलिडे ते ‘कॅफे सोसायटी’ या न्यूयॉर्कमधल्या क्लबात गायची. काळे आणि गोरे एकत्र बसू शकत, असा तो क्लब. गाण्याआधी वेटर थांबत, दिवे मालवत, चेहऱ्यावर एकच झोत ठेवत, आणि नंतर ‘वन्स मोअर’ घेत नसत. तिच्या कोलंबिया कंपनीनं ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला. मग २० एप्रिल १९३९ रोजी कमोडोर या छोट्या कंपनीसाठी ते झालं.

आता यात अडकायला होतं ते इथं. त्या ध्वनिमुद्रणात बिलीचा आवाज सुमारे ७० सेकंदांनी येतो. तोवर फ्रँकी न्यूटनचा ट्रम्पेट आणि पियानो. रेडिओवर ७० सेकंद म्हणजे फार मोठा काळ. गाडी चालवणाऱ्याला वाटतं कार्यक्रम संपला आणि तो केंद्र बदलतो. उपाय दोन. एक, त्या ७० सेकंदांवर निवेदन चढवायचं. हे आम्हाला पटत नाही, कारण ट्रम्पेटनं हवा तयार केल्याशिवाय पहिली ओळ अंगावर येत नाही. दुसरा उपाय म्हणजे आधीच्या निवेदनात सरळ सांगून टाकणं : ‘गाणं सुरू झाल्यावर मिनिटभर नुसती वाद्यं वाजतील, थांबा.’ एवढ्यानं लोक थांबतात. दुसरी गोची आवृत्तीची. १९५६ साली तिनं हेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, आणि संग्रहांत दोन्ही सापडतात. तोंडानं १९३९ म्हणायचं आणि वाजवायचं १९५६ चं, असं सर्रास होतं. न्यूटनचं नाव आणि आवाज येण्याआधीची ती सत्तरेक सेकंदं, या दोन खुणा जुळल्या तरच फाइल पक्की करायची.

निवेदन कसं लिहायचं याचा नमुना देतो. पहिला खर्डा बहुतेकांचा असा निघतो : ‘विसाव्या शतकातील अमेरिकन समाजजीवनात वर्णद्वेषाने थैमान घातले असताना संगीत हे प्रतिकाराचे प्रभावी माध्यम ठरले.’ हे वाक्य कागदावर चालेल, पण कानाला त्यातून काहीच दिसत नाही. तेच असं करावं : ‘न्यूयॉर्क. २० एप्रिल १९३९. बिली हॉलिडे चोवीस वर्षांची आहे. तिच्याकडे एक गाणं आहे आणि तिची कंपनी ते छापायला तयार नाही. झाडावर टांगलेल्या माणसांचं ते गाणं आहे. सुरुवातीला मिनिटभर नुसती वाद्यं वाजतील. थांबा. मग ती गाईल.’ यात एकही विशेषण नाही. अन्यायाबद्दल बोलताना ‘भीषण’, ‘अमानुष’, ‘हृदयद्रावक’ हे शब्द निवेदकाच्या तोंडी आले, की श्रोत्याला स्वतः काही वाटून घ्यायला जागा उरत नाही. आम्ही संहितेतली अशी सगळी विशेषणं लाल पेन्सिलीनं खोडतो आणि तारीख, गाव, माणसाचं नाव, कुणी काय नाकारलं, एवढंच ठेवतो.

बोलण्याचा वेग मिनिटाला ११० ते १२० शब्द धरावा. नवखा माणूस घाबरला की १५० वर जातो. आमच्या आखणीत निवेदन सव्वाअकरा मिनिटं, म्हणजे तेराशेच्या आसपास शब्द. संगीत दहा मिनिटं. पाहुण्याशी बोलणं पाच मिनिटं. सुरुवातीची धून पंधरा सेकंद. बेरीज साडेसव्वीस मिनिटांची होते आणि दीड मिनिट हातचं राहतं. हे दीड मिनिट कुणी मागितलं तरी द्यायचं नाही. ते श्वासांत, पानं उलटण्यात आणि पाहुण्याच्या विचार करण्यात जातंच.

बोलांचं मराठी भाषांतर ओळीमागून ओळ वाचण्याचा मोह टाळावा. कवितेची पार रया जाते हे एक. दुसरं म्हणजे भाषांतराचा हक्क कायद्यानं वेगळा आहे आणि त्याची परवानगी वेगळी लागते. गाण्यात काय आहे ते आपल्या शब्दांत तीन-चार वाक्यांत सांगितलं की काम भागतं. माणसांसाठी शब्द वापरताना ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’ म्हणावं, आणि बोलण्याच्या ओघात ‘काळी माणसं’ही चालतं. ‘निग्रो’ जुन्या कागदपत्रांत येतो, तो फक्त संस्थेच्या नावात आला तरच. गोव्यात आफ्रिकन माणसाला ‘खापरी’ म्हणायची जुनी सवय आहे. पाहुणा शेजारी बसलेला असताना निवेदकाच्या तोंडून ते निघालं, तर पुढची सगळी मिनिटं वाया. श्रोते डिचोली-सत्तरीकडचे असोत की बार्देशातले, मराठी सगळ्यांना कळते. कोंकणी बोलणारा पाहुणा असेल तर त्याला कोंकणीतच बोलू द्यावं. मध्ये दुभाषा नको.

आता हक्कांचं. इथं बहुतेक जण ‘जुनं गाणं आहे, कोण विचारतो’ म्हणून पुढं जातात. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९२९, १९३९, १९५१, १९५९ ची ध्वनिमुद्रणं इथं मोकळी झालेली आहेत. पण गाण्याचे शब्द आणि चाल हा वेगळा हक्क. तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. मीरोपोल १९८६ साली वारले, म्हणून ‘स्ट्रेंज फ्रूट’ २०४६ अखेरपर्यंत संरक्षित. ‘ब्लॅक अँड ब्लू’चे गीतकार अँडी रझाफ १९७३ साली गेले, म्हणजे शब्द २०३३ अखेरपर्यंत. सी. रामचंद्र १९८२ साली गेले, म्हणजे चाल २०४२ अखेरपर्यंत. उलट सॅम कुकचं ‘अ चेंज इज गॉना कम’ पाहा : ध्वनिमुद्रण १९६४ चं, शब्द-चाल दोन्ही त्याचे, आणि तो गेला डिसेंबर १९६४ मध्ये. त्यामुळे १ जानेवारी २०२५ पासून भारतात ते दोन्ही अंगांनी मोकळं आहे. पैशाची चणचण असलेल्या केंद्रानं हे गाणं हाताशी ठेवावं. शब्द-चालींसाठी आयपीआरएस, ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल (या दोन्ही हक्कांचं शुल्क गोळा करणाऱ्या संस्था), आणि प्रसारणाच्या वैधानिक परवान्यासाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-डी, हे तीन शब्द व्यवस्थापकासमोर काढावेत आणि केंद्राचं काय ठरलेलं आहे ते लेखी घ्यावं. कार्यक्रम नंतर पॉडकास्ट म्हणून चढवायचा असेल तर ती परवानगी पुन्हा वेगळी. इंटरनेट परदेशातही ऐकलं जातं आणि तिथली मुदत आपल्याहून लांब असू शकते. म्हणून चढवायच्या प्रतीत गाण्यांचे तुकडे काढून नुसतं निवेदन ठेवणं सोयीचं.

गाण्यांच्या फाइली विकत घेतलेल्या सीडीवरून किंवा खरेदी केलेल्या दर्जेदार फाइलींवरूनच घ्याव्यात. व्हिडिओच्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या आवाजात वरच्या पट्टीतलं सगळं खरवडलेलं असतं, आणि कधी कधी चढवणाऱ्यानं वेगही किंचित बदललेला असतो.

ध्वनिमुद्रणाची खोली. गोव्यात यासाठी ऋतू बघावा लागतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कौलांवर, त्याहून वाईट म्हणजे पत्र्यावर, पाऊस कोसळत असतो, आणि तो आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरनं जात नाही. पावसाळ्यात पहाटे किंवा सरी थांबल्यावर ध्वनिमुद्रण करायचं आणि एका बैठकीत सगळं उरकायचा हट्ट धरायचा नाही. दुसरा त्रास दमट हवेचा. कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये ओल धरली की तो मध्येच चरचरतो. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात तो ठेवावा, नाहीतर सरळ डायनॅमिक मायक्रोफोन वापरावा. आमची पसंती डायनॅमिकलाच. तो समोरचं ऐकतो आणि बाजूचा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, कावळे, बसचा हॉर्न बराचसा सोडून देतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून बाहेरचा आवाज थांबत नाही. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते ती वेगळीच. मागं दोन जाड गोधड्या टांगल्या तर आवाजाचा घुमारा कमी होतो आणि वाळवताही येतात. पंखा बंद, फ्रीज बंद, मोबाइल खोलीबाहेर. लॅपटॉपचा चार्जर लावला की पन्नास हर्ट्झची घरघर येते का, ते आधी हेडफोनवर ऐकावं. येत असेल तर बॅटरीवर चालवावा.

मायक्रोफोन तोंडापासून वीतभर, थोडा तिरका. अगदी समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. पातळी अशी ठेवावी, की नेहमीचं बोलणं उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान खेळेल आणि हसलं-खोकलं तरी उणे ६ च्या वर जाणार नाही. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. एमपी-थ्रीमध्ये मूळ ध्वनिमुद्रण करू नये, कारण संपादन करून पुन्हा दाबलं की ‘स’ आणि ‘श’ किरकिरतात. या दोन अक्षरांचा एफएमवर आणखी एक त्रास आहे. आपल्याकडे प्रक्षेपणाआधी वरच्या पट्टीला उठाव देतात, त्यात ती बोचरी होतात. ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ‘स’-‘श’ची बोच कमी करणारा डी-एसर हलकासा लावला तर पुरे. ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर या सगळ्याला पुरतं.

१९३९ च्या ध्वनिमुद्रणात खरखर असणारच. नॉइज रिडक्शन लावून ती पूर्ण काढली, की बिलीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ६० हर्ट्झच्या खालचं कापावं, मोठे टिचके असतील तर तेवढे हातानं काढावेत, बाकी राहू द्यावं. खरी कसरत पातळी जुळवण्याची आहे. ‘अलबेला’चा तुकडा, १९५९ चं स्टीरिओ मिंगस आणि १९३९ चं मोनो यांची ताकद सारखी नसते, आणि निवेदन त्यांच्यामध्ये बसवायचं असतं. मीटरवरचे शिखर-आकडे जुळवून हे होत नाही. लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारी ताकद, मोजावा; त्याचं एकक लुफ्स. केंद्रानं आकडा दिला नसेल तर उणे १६ लुफ्सच्या आसपास सगळं आणावं आणि शेवटी गाडीत, स्वस्तातल्या ट्रान्झिस्टरवर आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावं. मिंगसची काही वाद्यं एका बाजूलाच आहेत, म्हणून मोनो करूनही तपासावं.

फाइल केंद्राकडे गेल्यावर दोन गोष्टी हमखास बिघडतात, आणि दोन्ही यंत्राच्या आपोआपपणामुळे. एक ऑटो-क्रॉसफेड. प्लेआउट सॉफ्टवेअर गाण्याचा शेवट हळू करून पुढचं आधीच सुरू करतं. ‘स्ट्रेंज फ्रूट’ शेवटच्या वरच्या सुरावर एकदम तुटतं, आणि ते तुटणंच त्या गाण्याचा शेवट आहे. म्हणून कार्यक्रमाची एकच अखंड फाइल द्यावी आणि क्रॉसफेड बंद ठेवायला सांगावं. दुसरी म्हणजे सायलेन्स डिटेक्टर. काही सेकंद आवाज आला नाही, की यंत्रणा कार्यक्रम बंद पडला असं समजून भरणा संगीत सुरू करते. गाण्यानंतर शांतता हवीच, पण केंद्राची मर्यादा विचारून तिच्या निम्मीच ठेवावी. साधारण चार सेकंद पुरतात. त्यानंतरचं पहिलं वाक्य हळू आवाजात, आणि गाण्याबद्दल मुळीच नको.

तिथं आम्ही महात्मा फुल्यांना आणतो. अमेरिकेतल्या गुलामगिरीचं उच्चाटन करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. एवढंच सांगायचं आणि थांबायचं. पुढं १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तर आलं, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. हे सगळं दोन मिनिटांत कोंबता येतं. कोंबू नये. जात आणि वर्ण एकच की वेगळे, हा वाद रेडिओवर दोन मिनिटांत उघडला तर बिलीचं गाणं त्याखाली गाडलं जातं. त्यासाठी स्वतंत्र भाग घ्यावा.

शेवटची पाच मिनिटं गोव्यात राहणाऱ्या आफ्रिकन पाहुण्याची. नाव, देश, कॉलेज यांपैकी काय सांगायचं ते त्यानं ठरवायचं, आणि ध्वनिमुद्रणाआधी लेखी ठरवायचं. परदेशी विद्यार्थ्याला व्हिसाची धास्ती असते, ती गृहीत धरावी. ओळख लपवायची असेल तर आवाजाची पट्टी बदलून भागत नाही. ओळखीचा माणूस बोलण्याच्या ढबीवरून ओळखतो. त्याचं म्हणणं दुसऱ्याच्या आवाजात वाचावं आणि तसं श्रोत्यांना सांगावं. ‘तुम्हाला इथं काय त्रास होतो?’ या प्रश्नाला सगळे ‘गोवा छान आहे’ असंच उत्तर देतात. ‘भाड्यानं घर शोधताना फोनवर काय बोलणं झालं आणि प्रत्यक्ष गेल्यावर काय झालं?’ असं विचारलं, की प्रसंग बाहेर येतो. इथं निवेदकाला एक माहिती हवी. परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकाला २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयासाठी भरावा लागतो, आणि ती कटकट नको म्हणूनही काही जण नकार देतात. युरोपियन भाडेकरूसाठी तोच मालक तोच फॉर्म भरतो का, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. तो विचारून उत्तराची वाट बघावी. आणि पाहुण्याला एक गाणं निवडू द्यावं, त्याला आवडतं म्हणून. ते दुःखाचंच असावं असं काही नाही. नाचायचं असलं तर उत्तम.

पहिला कार्यक्रम थेट प्रसारित करू नये. फोन तर मुळीच घेऊ नयेत. व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश मागवावेत आणि निवडून पुढच्या भागात लावावेत. ‘हे लोक ड्रग्ज विकतात’ छापाचे संदेश येणारच. ते हवेत वाचून त्यांना उत्तर देत बसलं, तर ज्यानं ऐकलं नव्हतं त्यालाही ते ऐकवल्यासारखं होतं. ‘आमच्या मुलांनाही परदेशात असंच वागवतात’ म्हणणाऱ्याला मात्र जरूर बोलवावं. आखाती देशांत किंवा बोटीवर नोकरी केलेला माणूस गोव्यात वाड्यावाड्यावर आहे आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं असतं.

वेळ निवडताना संध्याकाळी सातचा स्लॉट टाळावा. कुठं आरती असते, कुठं लादाईन, म्हणजे ख्रिस्ती लोकांची सामूहिक प्रार्थना. साडेआठनंतरचा किंवा सकाळी ऑफिसच्या वाटेवरचा बरा. प्रक्षेपण साधारण १० ते १५ किलोमीटर जातं, पण आपल्याकडे मध्ये डोंगर आणि सडे आहेत. सड्यापलीकडच्या गावात चार किलोमीटरवरही नुसती खरखर येते. म्हणून वेळ सांगतानाच पुनःप्रसारणाचा दिवसही सांगावा आणि पाहुण्याच्या राहत्या जागी केंद्र लागतं का, ते आधी तपासावं. लागत नसेल तर त्याच्या भागाची फाइल त्याला पाठवावी.

दुसऱ्या भागासाठी आम्ही आफ्रिकन वंशाच्या सिद्दी समाजाकडे वळतो. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांचे काही वंशज आज उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहतात. त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही आहेत, आणि त्यांची बोली कोंकणीच्या घरातली. जुन्या गोव्यातल्या मुख्य रस्त्यावर माणसं विकली जात, हे १५८३ ते १५८८ इथं राहिलेल्या लिन्स्खोतेन या डच माणसानं लिहून ठेवलं आहे. सिद्दींचा डमाम हा ढोल मोकळ्या जागेत ध्वनिमुद्रित करताना मायक्रोफोन दोन मीटर लांब ठेवावा आणि शिखरं उणे १२ च्या खाली राहतील एवढी पातळी उतरवावी. बोलण्यासाठी लावलेल्या पातळीवर पहिल्याच थापेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. मानधन आधी ठरवून त्याच दिवशी द्यावं, आणि परवानगीचा कागद कलाकार वाचू शकतील अशा लिपीत न्यावा. बहुतेकांना कन्नड चालते. कार्यक्रम झाल्यावर मूळ फाइल, अंतिम फाइल, संमतीपत्रं आणि गाण्यांची यादी एकाच फोल्डरमध्ये तारीख घालून ठेवावी. प्रसारित कार्यक्रमाची प्रत केंद्राला तीन महिने जपावी लागतेच. आपली प्रत त्याहून जास्त काळ ठेवावी, कारण पाहुणे ती वर्षानंतरही मागतात.